मदत हवी आहे: बगफिक्स आधी मेनवर टाकायचा की जुन्या रिलीज ब्रांचवर?

मंडळी, आम्ही दोघंतिघं मिळून एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी सांभाळतो. मेनवर (कोडच्या मुख्य ब्रांचवर) ३.० चं काम चालू आहे पण वापरणारे बहुतेक अजून २.४ वरच, म्हणून २.४ ची ब्रांच जिवंत ठेवावी लागते. आता लोचा असा की लोक पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घ्यायची विनंती) टाकतात ते सरळ मेनवर, मग त्यातला फिक्स आम्ही चेरी-पिक करून (तेवढाच एक बदल उचलून) २.४ वर नेतो, पण मेनवर फायली इकडच्या तिकडे झाल्यात, फंक्शन्सची नावं बदललीयत, त्यामुळे दोन ओळींच्या फिक्सला कॉन्फ्लिक्ट (दोन्हीकडच्या कोडची टक्कर) सोडवता सोडवता जीव जातो. आणि उलटंही होतं, घाईत कुणीतरी थेट २.४ वर फिक्स टाकून पॅच रिलीज काढतं, तो मेनवर न्यायचा राहतो आणि ३.० च्या बीटात (चाचणी आवृत्तीत) तोच बग परत हजर!

गिटचं (कोडमधल्या बदलांचा हिशोब ठेवणारं टूल) स्वतःचं डॉक्युमेंटेशन म्हणतं फिक्स ज्या सगळ्यात जुन्या ब्रांचला हवाय तिथे टाका आणि तिथून वर, म्हणजे नव्या ब्रांचेसमध्ये, मर्ज करत (मिसळत) या. लिनक्स कर्नलच्या स्टेबलचा (आधीच निघालेल्या आवृत्त्यांच्या ब्रांचेसचा) नियम बरोब्बर उलटा, आधी मेनलाइनमध्ये (त्यांच्या मुख्य ब्रांचमध्ये), मगच स्टेबलमध्ये. (दोन्ही प्रोजेक्ट लिनस टोरवाल्ड्सनेच सुरू केलेत, आता बोला.) आम्ही कुणाचं ऐकायचं?

उत्तर १
दोन्ही बरोबर आहेत, तुमच्या ब्रांचेस एकमेकींपासून किती लांब गेल्यात ते बघा. जवळ असतील तर वर मर्ज करणं झकास, काही सुटत नाही, गिटच हिशोब ठेवतं. पण तुमच्यासारखं रिफॅक्टरिंग झालं असेल तर दर मर्जला व्हर्जन नंबर आणि चेंजलॉगवरून भांडण ठरलेलं. मी तरी मेन आधी, मग बॅकपोर्ट (जुन्या ब्रांचवर नेणं) असंच करेन.

मात्र चेरी-पिक करताना -x (लहान लिपीतला) द्यायचाच, म्हणजे कमिट (नोंदवलेला बदल) मेसेजमध्ये मूळ कमिटचा हॅश (त्याचा ओळख क्रमांक) येतो. काय आलं काय राहिलं हे बघायला 'गिट चेरी' कमांड आहे खरी पण ती पॅचचा मजकूर ताडून बघते, कॉन्फ्लिक्ट सोडवताना पॅच बदलला की आलेला फिक्सही ती राहिलेला दाखवते, तिच्यावर विसंबू नका. तो हॅशच शोधा. आणि फिक्सबरोबरची टेस्ट दोन्हीकडे गेलीच पाहिजे, तुमचा बीटातला बग तिथेच अडकला असता.

धागाकर्ता
हे पटलं. पण जो कोड मेनवरून उडालाच आहे त्यातल्या बगचं काय? आणि ३.० ची ब्रांच कधी काढू? डेव्हलप ब्रांचही (चालू काम जमा करायची वेगळी ब्रांच) ठेवा म्हणतात काही जण.

उत्तर २
कोडच उडाला असेल तर थेट २.४ वर टाका, मेनला का लागू नाही ते कमिट मेसेजमध्ये लिहा म्हणजे नंतर कुणी शोधत बसणार नाही. ३.० ची ब्रांच पहिल्या आरसीला (रिलीज कँडिडेट, म्हणजे जवळजवळ अंतिम आवृत्ती) काढा, बीटाला काढलीत तर प्रत्येक फिक्स तीन ठिकाणी न्यावा लागेल. डेव्हलप नको. गिटफ्लोचा (डेव्हलप ब्रांच ठेवायला सांगणारी पद्धत) २०१० चा लेख गाजला, २०२० मध्ये लेखकानेच वर टीप टाकली की सगळ्यांना हे लागू नाही. तुमच्यासारखी जुनी व्हर्जन्स सांभाळणाऱ्यांना ते अजून चालेल असंही त्यात आहे, पण दोघातिघांत एक जास्तीची ब्रांच कशाला पोसायची?

हो, आणि पुश केलेला (सर्व्हरवर पाठवलेला) टॅग, म्हणजे रिलीजच्या कमिटला दिलेलं नाव, हलवायचा नाही. ज्यांनी आधी फेच केलंय (उतरवून घेतलंय) त्यांच्याकडे जुनाच राहतो. ३.० मध्ये चूक सापडली तर मुकाट ३.०.१ काढा.