शब्दचर्चा: तटस्थ, निःपक्षपाती, अलिप्त आणि तळी उचलणारे

प्रश्न: एका सोसायटीच्या इतिवृत्तात ‘तीन सभासद निःपक्षपाती राहिले’ असं वाचलं. खटकलं. इथे तटस्थ हवं ना? आणि ‘कुंपणावर बसलेले’ला अस्सल मराठी पर्याय आहे का?

प्रतिसाद 1: तटस्थच हवं. निःपक्षपाती माणूस निकाल देतो, फक्त कुणाची बाजू न धरता: पंच, न्यायाधीश, निवडणूक निर्णय अधिकारी. तटस्थ माणूस निकालच देत नाही. अलिप्त तर त्या भानगडीत शिरतच नाही. गंमत अशी की तटस्थमधला तट म्हणजे काठ, पण ‘गावात दोन तट पडले’ म्हणताना तट म्हणजे गट.

प्रतिसाद 2: तटस्थ म्हणजे ‘कुणाचंच नुकसान नाही’ हा समज मात्र चुकीचा. बहुमत कशावर मोजतात ते आधी पाहावं. ग्रामपंचायतीत उपसरपंचावरचा अविश्वास ठराव मंजूर व्हायला मतदानाचा हक्क असलेल्या एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतं लागतात. असे सदस्य 9 असतील तर 6. बाजूने 5, विरोधात 1, तटस्थ 3 पडले की ठराव बारगळला, म्हणजे तिघे तटस्थ उपसरपंचालाच पावले. तेच गणित हजर राहून मत देणाऱ्यांवर असतं, तर 5 विरुद्ध 1 ने ठराव सहज मंजूर.

विधानसभेत हा दुसरा हिशेब चालतो. 30 नोव्हेंबर 2019 ला उद्धव ठाकरे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर बाजूने 169, तटस्थ 4, विरोधात शून्य, कारण भाजपने सभात्याग केला होता. सभात्याग करणाऱ्यांना तटस्थ म्हणू नये. त्यांनी बाजू घेतलेलीच असते.

प्रतिसाद 3: पक्षादेश (व्हिप) असेल तर तटस्थपणा आणखी महागात पडतो. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यात पक्षादेशाविरुद्ध मत देणं आणि मतदानापासून दूर राहणं एकाच पंक्तीला बसवलंय. आधी परवानगी घेतलेली नसेल आणि पक्षाने 15 दिवसांत माफ केलं नाही, तर आमदारकीवर गदा येऊ शकते. अशा वेळी बातमीत ‘तटस्थ राहिले’पेक्षा ‘पक्षादेश झुगारला’ हेच नेमकं.

प्रतिसाद 1: इतिवृत्त लिहिणाऱ्यांसाठी: सूचक, अनुमोदक, बाजूने, विरोधात, तटस्थ अशा पाच नोंदी वेगळ्या ठेवा. तिघे तटस्थ असताना ‘एकमताने मंजूर’ लिहिलं की पुढच्या सभेत भांडण ठरलेलं. विरोध कुणाचाच नसेल तर ‘विरोधात मत नाही, तटस्थ 3’ एवढं पुरे. ‘बिनविरोध’ निवडणुकीसाठी राखून ठेवा. तटस्थ राहणाऱ्याने मोजणीच्या वेळीच नाव नोंदवायला सांगावं. हजेरीपटावरची सही म्हणजे ठरावाला संमती नव्हे, पण नोंद नसली की नंतर तसाच अर्थ काढला जातो.

प्रतिसाद 4: ‘कुंपणावर बसणं’ ही म्हणण्याची पद्धत इंग्रजीतून आलीय, आता रुळलीय, चालू द्या. पण छटा पाहून निवडायचं तर: मनच ठरत नसेल तर ‘तळ्यात-मळ्यात’, दोन्हीकडून फायदा लाटायचा असेल तर ‘दोन्ही डगरींवर हात’. पहिल्यात गोंधळ, दुसऱ्यात लबाडी. तटस्थमध्ये दोन्ही नाही, म्हणून हा शब्द शिवीसारखा वापरू नये.

प्रश्नकर्ता: आणि बाजू घेणाऱ्यांसाठी?

प्रतिसाद 4: तिथे मराठीची चंगळ आहे. ‘पाठिंबा देणे’ कोरडं, ठरावाला चालेल. ‘पाठराखण’ त्याची, ज्याच्यावर आरोप झालेत. ‘री ओढणे’ म्हणजे दुसऱ्याचंच बोलणं पुढे चालवणं. स्वतःचं मत त्यात नाही. ‘तळी उचलणे’ सगळ्यांत झोंबरं. खंडोबाच्या तळीत ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा ठेवतात आणि काही जण मिळून ते ‘येळकोट’ म्हणत उचलतात. देवासाठी ही भक्ती. अध्यक्षासाठी उचलली की खुशामत. सभेत हा शब्द तोंडावर वापरला तर इतिवृत्तातून काढायला लावतील.

प्रतिसाद 2: ‘निष्ठावंत’ राहिला. बातम्यांत तो बहुतेक तिकीट नाकारल्यावरच दिसतो: ‘निष्ठावंतांना डावलले’. उमेदवारी मिळालेल्याला निष्ठावंत म्हटलेलं क्वचितच सापडेल.