आत्मा अमर एवढंच नाही, शरीरही उठणार

काही जण म्हणतात की ख्रिस्ती श्रद्धेतलं पुनरुत्थान (मेलेल्यांचं पुन्हा उठणं) म्हणजे शेवटी आत्मा अमर असतो एवढंच, पण तसं नाहीये हो. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, 24 व्या अध्यायात, मेलेल्यांतून उठलेला येशू शिष्यांना हातपाय दाखवतो, चाचपून बघा म्हणतो, तरी त्यांना खरं वाटेना म्हणून भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खातो, नुसता आत्मा असता तर मासा कशाला खाल्ला असता? येशूचा प्रेषित पौल पण बायबलमधल्या करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, 15 व्या अध्यायात, पेरलेल्या दाण्याचं सांगतो, जातो मातीत साधा दाणा आणि उगवतं ते त्याचंच, पण किती वेगळं. आजीच्या कबरीत मूठभर माती टाकताना मला हाच दाणा आठवत होता, रडू आलंच, पण दर 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, तिथे मेणबत्ती लावताना मनात पक्कं असतं की ती झोपलीये, उठणारे.