पट्टा ताकदीसाठी नव्हे

काही मॅग्नम (जोरदार) रायफल काडतुसांच्या बुडाशी पितळेचा जाड पट्टा असतो. या पट्ट्यामुळे केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, मजबूत होते आणि जास्त दाब सोसते, असं या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय. ते मला अजिबात पटत नाही. हॉलंड अँड हॉलंड या ब्रिटिश बंदूक कंपनीने १९१२ मध्ये .३७५ मॅग्नम आणलं, त्याची केस निमुळती आणि खांदा (केस तोंडाकडे अरुंद होते तो भाग) फार उतरता. तसल्या खांद्यावर काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) नेमकं अडत नाही, म्हणून बुडाशी पट्टा. कोल्हापुरात रेंजवर पॉइंट टू-टू (.२२) रायफल चालवणाऱ्या पोरांना हे लगेच कळेल. स्वप्निल कुसाळेच्या ५० मीटर रायफलच्या काडतुसात हेच काम रिम (बुडाची बाहेर आलेली कड) करते. पण मॅगझिनमध्ये (रायफलीत काडतुसं भरून ठेवायच्या कप्प्यात) रिम एकमेकींत अडकतात, पट्टा अडकत नाही. हा खरा फायदा. .४५८ विंचेस्टरला तर खांदाच नाही, तिथे पट्टा हवाच.

तोट्याबद्दल मात्र कुणी लिहिलं नाही. काडतूस पट्ट्यावर अडतं म्हणून खांद्यापुढे बऱ्याचदा मोकळी जागा राहते. बार उडाला की पितळ पट्ट्याच्या जरा पुढे ताणतं. तीच केस दर वेळी डायमध्ये (केस पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात) पूर्ण दाबून पुन्हा भरली की तिथेच कडं पातळ होतं आणि शेवटी बूड तुटून येतं. म्हणून जाणकार डाय अशी बसवतात की खांदा जेमतेमच मागे सरकेल. .३०० विंचेस्टर मॅग्नमला चांगला खांदा आहे, त्याला पट्टा नसता तरी चाललं असतं.