अनुभव धागा : वॉव क्लासिकमध्ये हीलर होऊन लेव्हल वाढवताना

धागाकर्ता

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (वॉव) या ऑनलाइन गेमच्या साठाव्या लेव्हलनंतरच्या रेडवर (मोठ्या ग्रुपच्या लढायांवर) ढीगभर लिहिलेलं सापडतं. पण लेव्हल १५ ते ५५ या पट्ट्यात, पाच अनोळखी माणसांच्या ग्रुपमध्ये हीलर (साथीदारांचं आयुष्य भरून देणारा) म्हणून उभं राहिल्यावर नेमकं काय करायचं, ते फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा.

किस्से नकोत. कोणता स्पेल (मंत्र), कितव्या लेव्हलला, किती मॅना (स्पेलला लागणारी शक्ती), काय बिघडतं आणि का, तेवढंच लिहा. आकडे २०१९ साली आलेल्या क्लासिकचे, म्हणजे जुन्या १.१२ पॅचच्या नियमांचे. सीझन ऑफ डिस्कव्हरी या क्लासिकच्या बदललेल्या आवृत्तीची भेसळ करू नका, तिथे हीलिंगचं गणितच वेगळं आहे.

सुरुवात करतो. पहिला गैरसमज म्हणजे हीलर व्हायचं तर टॅलेंटही (लेव्हलबरोबर निवडायची कौशल्यं) हीलिंगचेच हवेत. साधारण पन्नाशीपर्यंत अजिबात गरज नाही. शॅडो प्रीस्ट, फेरल ड्रुइड, एन्हान्समेंट शमन, म्हणजे हीलिंगचे टॅलेंट न घेतलेला कुणीही डंजन (पाच जणांची मोहीम) हील करू शकतो, फक्त इंटेलेक्ट (मॅना वाढवणारा) आणि स्पिरिटचे (मॅना परत भरणाऱ्या) कपडे बॅगेत वेगळे ठेवायचे. टॅलेंट बदलायला पहिल्यांदा १ सोन्याचं नाणं, मग ५, मग १०, असं वाढत ५० पर्यंत जातं. लेव्हलिंगच्या काळात हा खर्च कुणालाच परवडत नाही.

हिरव्या वस्तूंच्या नावाचं शेपूट वाचायला शिका. 'ऑफ द आउल' म्हणजे इंटेलेक्ट अधिक स्पिरिट, ते हीलरचं. 'ऑफ द ईगल'मध्ये इंटेलेक्ट अधिक स्टॅमिना (आयुष्य वाढवणारा), तेही चालतं. 'ऑफ द व्हेल'मध्ये इंटेलेक्ट नसतोच. एका इंटेलेक्टला १५ मॅना मिळतो, त्यामुळे तिशीच्या आत दोन-तीन बऱ्या वस्तू बदलल्या की एक जादा हील खिशात पडतो.

मॅनासंपला (प्रीस्ट)

प्रीस्टबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नवे लोक बहुतेक इथूनच सुरू करतात.

आधी पाच सेकंदांचा नियम. मॅना खर्च झाला की पुढची ५ सेकंदं स्पिरिटमधून येणारा मॅना बंद होतो, त्यानंतर दर २ सेकंदांनी पुन्हा भरायला लागतो. आता यातली मेख अशी की मॅना कापला जातो तो कास्ट (स्पेल टाकणं) पूर्ण झाल्यावर, सुरू करताना नाही. म्हणजे ३ सेकंदांचा हील टाकताना ती ३ सेकंदं तुमचा मॅना भरत असू शकतो. दर चार सेकंदांनी एक छोटा हील शिंपडणारा माणूस आख्खी लढाई शून्य भरण्यावर काढतो. त्याऐवजी टँकचं (पुढे उभं राहून मार खाणाऱ्याचं) आयुष्य खाली येऊ द्या, लागोपाठ दोन मोठे हील द्या आणि मग हात बांधून उभे राहा. शंभर टक्के भरलेली हिरवी पट्टी बघायची हौस सोडावी लागते. टँक साठ टक्क्यांवर असणं ही आणीबाणी नाही.

यातूनच दुसरी सवय लागते: कास्ट सुरू करायचा आणि गरज नसेल तर शेवटच्या क्षणी तोडायचा. तोडलेल्या कास्टचा मॅना जात नाही. एस्केप दाबा, एक पाऊल हला किंवा स्टॉपकास्टिंगचा मॅक्रो ठेवा. बॉसचा फटका कधी बसेल सांगता येत नसेल, तेव्हा हील सतत चढवत राहायचं आणि लागला तरच सोडायचा.

स्पेल कोणते? लेसर हील १, ४ आणि १० या लेव्हलला मिळतो, तिसरी रँक (त्याच स्पेलची वरची पायरी) ७५ मॅनाची. सोळाव्या लेव्हलला हील येतो: १५५ मॅना, ३ सेकंद, साधारण २९५ ते ३४१ आयुष्य. विसाव्याला फ्लॅश हील: १२५ मॅना, दीड सेकंद, १९३ ते २३७. भागाकार करून बघा. हीलला एका मॅनामागे दोन, फ्लॅशला पावणेदोनच्या आतबाहेर. फ्लॅश हील मिळाला की सगळे त्याच्या प्रेमात पडतात, आणि म्हणूनच विशीतले प्रीस्ट दर पुलनंतर (शत्रूंची टोळी ओढून केलेल्या लढाईनंतर) मॅना भरायला पाणी पीत बसलेले दिसतात. फ्लॅश फक्त माणूस मरायला टेकला तर. चाळिसाव्याला ग्रेटर हील मिळतो, तेव्हा एकाच हीलमध्ये टँक वर येतो आणि पाच सेकंदांचा नियम पाळणं खऱ्या अर्थाने सोपं होतं.

जुन्या रँक बारवरून काढू नका. नवी रँक शिकली की जुनी काढून टाकायची, ही डॅमेजवाल्यांची सवय. हीलरला दोन-तीन मापांचे हील हवेतच. दीडशे आयुष्य गेलंय तिथे आठशेचा हील ओतणं म्हणजे मॅना गटारात.

आणि वाँड (जादूची छडी)! वाँडला मॅना लागत नाही, त्यामुळे नियमही मोडत नाही. टँक ठीक असेल तेव्हा वाँड चालू ठेवा, मॅना भरत राहतो आणि मॉब (शत्रू) लवकर मरतो. पाचव्या लेव्हलला लेसर मॅजिक वाँड, तेराव्याला ग्रेटर मॅजिक वाँड. दोन्ही एन्चांटर बनवतात, ऑक्शन हाउसमध्ये स्वस्तात मिळतात. एकट्याने फिरताना शॅडोच्या टॅलेंटमधला स्पिरिट टॅप पाच गुणांनी भरा, मग डिसिप्लिनमधलं वाँड स्पेशलायझेशन. मॉब मेला की १५ सेकंद स्पिरिट दुप्पट आणि कास्ट करतानाही निम्मं भरणं चालू. शेवटचा घाव वाँडने घातला तर पाणी जवळजवळ लागतच नाही.

ढालकरी (वॉरियर टँक)

हीलर नाही, पण हीलरमुळे रोज मरतो, म्हणून लिहितो.

पुल व्हायच्या आधी वॉरियरवर पॉवर वर्ड शील्ड टाकू नका. शील्डने शोषलेल्या फटक्यातून रेज (वॉरियरचा मॅना म्हणा) मिळत नाही. रेज नाही म्हणजे संडर (मॉबला माझ्याकडे खिळवणारा फटका) नाही, संडर नाही म्हणजे मॉब माझ्याकडे राहत नाही. मग तो पहिला हील टाकणाऱ्याकडेच जातो.

थ्रेटचा (मॉब कुणावर धावणार ते ठरवणाऱ्या गुणांचा) हिशेब सोपा आहे. हीलच्या निम्मा थ्रेट, आणि तो लढाईतल्या सगळ्या मॉबमध्ये वाटला जातो. १००० चा हील, चार मॉब, तर प्रत्येकी १२५. लांब उभ्या माणसाला मॉब ओढायला टँकच्या १३० टक्के थ्रेट लागतो, म्हणजे ज्या मॉबला मी दोन-तीन फटके मारलेत तो तुमच्याकडे सहसा येणार नाही. धोका आहे तो मी हातही न लावलेल्या चौथ्या मॉबचा. त्याच्याकडे माझा थ्रेट शून्य, तुमचा १२५. वाया गेलेल्या हीलचा मात्र थ्रेट लागत नाही.

मॉब अंगावर आला तर माझ्याकडे पळा. क्लासिकमध्ये वॉरियरच्या टाँटचा (मॉबला आपल्याकडे ओढणाऱ्या आरोळीचा) पल्ला फक्त ५ यार्ड आहे. तुम्ही उलट्या दिशेला पळालात की मी तुमच्यामागे, मॉब तुमच्यामागे, आणि पुढच्या खोलीतले सगळे आपल्या सगळ्यांच्या मागे.

मॅनासंपला

ढालकरींशी सहमत, पण शील्ड पूर्ण बाद करू नका. स्वतःवर शील्ड असताना फटके बसले तरी कास्ट मागे ढकलला जात नाही. दोन मॉब अंगावर असताना टँकला हील द्यायचा हा एकच भरवशाचा मार्ग. मेज-वॉरलॉक या जादूगारांवरही टाका. आणि वॉरियर दहा टक्क्यांवर असेल तर रेज गेला खड्ड्यात, शील्ड टाका. एकदा टाकल्यावर वीकन्ड सोलमुळे त्याच माणसावर १५ सेकंद पुन्हा टाकता येत नाही.

फेड आठव्या लेव्हलला मिळतो. तो थ्रेट पुसत नाही, १० सेकंद झाकतो. तेवढ्यात टँकने मॉब उचलला नाही तर तो परत येतो. सायकिक स्क्रीम डंजनमध्ये शक्यतो नको. घाबरलेले मॉब पळून शेजारच्या टोळीला घेऊन येतात.

बारशिंगा (ड्रुइड)

ड्रुइडची मोठी उणीव आधी सांगून टाकतो: लढाई संपल्यावर मेलेल्याला हवं तेव्हा उठवता येत नाही. रिबर्थ विसाव्या लेव्हलला मिळतो, लढाईतही चालतो, पण ३० मिनिटांतून एकदाच आणि त्याला बी लागतं. विसाव्याला मेपल सीड, तिसाव्याची रँक घेतली की स्ट्रँगलथॉर्न सीड, चाळिसाव्याला अ‍ॅशवुड. रँक वाढवली आणि बॅगेत जुनंच बी राहिलं, की ऐनवेळी बटण करडं दिसतं. ग्रुपमध्ये दुसरा कुणी उठवणारा नसेल तर सुरुवातीलाच सांगा, म्हणजे लोक जपून पुल करतात.

रिजुव्हनेशन चौथ्या लेव्हलला. १२ सेकंदांत चार टिक (हप्ते). पुल होतानाच टँकवर टाकू नका, पहिल्या टिकचा थ्रेट तुमच्या नावावर पडतो. मॉब जमले की टाका. रीग्रोथ बाराव्याला मिळतो, दोन सेकंदांत पडतो, पण मॅना खातो. ड्रुइडचा फ्लॅश हील समजा.

खरा आधार हीलिंग टच. पाचव्या रँकपासून (लेव्हल २६) तो साडेतीन सेकंदांचा होतो, आणि साडेतीन सेकंदांत कापडवाला मरून जातो. म्हणून चौथी रँक, ३ सेकंदांची, बारवर कायम ठेवा. वाँड नाही, त्यामुळे मोकळ्या वेळात खरंच हात बांधून उभं राहायचं. रॅथ (हल्ल्याचा स्पेल) मारत बसलात तर पाच सेकंदांचा नियम दर कास्टला मोडतो.

चाळिसाव्याला इनर्व्हेट, मॅना झपाट्याने भरणारा. आपला मॅना संपत आला की मगच वापरतात बरेच जण, पण ते २० सेकंद चालतं, तेव्हा वीस-तीस टक्के उरला असतानाच लावा. शून्यावर लावलं तर पहिली काही सेकंदं हील द्यायलाच मॅना नसतो.

टोटेमवाली (शमन)

+१ जुन्या रँकना.

शमनचा घोळ पाण्याच्या टोटेमचा (जमिनीत ठोकायच्या खांबाचा). हीलिंग स्ट्रीम विसाव्याला, मॅना स्प्रिंग सव्विसाव्याला, आणि पाण्याचा टोटेम एका वेळी एकच. ग्रुपमध्ये मॅनावाले दोन-तीन असतील तर मॅना स्प्रिंगच. पल्ला २० यार्ड असतो, टँकच्या पायाशी टोटेम ठोकून स्वतः चाळीस यार्डांवर उभ्या राहिलात तर तुम्हालाच मॅना नाही. मधोमध ठोका. विष फार असेल तर बाविसाव्याचा पॉयझन क्लेन्झिंग. तोही पाण्याचाच, तेव्हा बदलून लावा.

फायर नोव्हा टोटेम मेजने मेंढी करून बाजूला ठेवलेल्या मॉबजवळ नको. मेंढी मोडते.

लेसर हीलिंग वेव्ह विसाव्याला मिळतो, त्याची गत प्रीस्टच्या फ्लॅशसारखीच. चेन हील चाळिसाव्याला. अडीच सेकंद, तीन जणांपर्यंत उडी, दर उडीला निम्मा. पहिलं लक्ष्य टँक ठेवलं आणि रोग (हा क्लास आहे, आजार नव्हे) आणि वॉरियर मॉबला चिकटून मारत असतील तर उत्तम. सगळे पांगलेले असतील तर महागडा हील एकालाच.

हातोडी (पॅलाडिन)

पॅलाडिनकडे हळूहळू भरणारा हील नाही, म्हणून लक्ष सारखं पट्ट्यांवर. विसाव्याला फ्लॅश ऑफ लाइट मिळेपर्यंत होली लाइटवर दिवस काढायचे.

ब्लेसिंग ऑफ प्रोटेक्शन टँकवर टाकू नका. रँकप्रमाणे ६ ते १० सेकंद शारीरिक मार लागत नाही हे खरं, पण मॉब त्याला सोडून दुसऱ्याकडे वळतात आणि त्याला स्वतःलाही हल्ला करता येत नाही. हे मार खाणाऱ्या मेजसाठी, प्रीस्टसाठी. ले ऑन हँड्स या मोठ्या हीलने तुमचा सगळा मॅना जातो, म्हणून मॅना असताना न वापरता तळाला पोहोचल्यावर वापरा. तासातून एकदा.

पिंग२००

भारतात सर्व्हर नाही, त्यामुळे युरोपात किंवा ऑस्ट्रेलियात खेळायचं म्हणजे पिंग (सर्व्हरपर्यंत पोहोचायला लागणारा उशीर) आलाच. हीलरला तो जास्त बोचतो. दोन गोष्टी करा.

एक, डीफॉल्ट ग्रुप फ्रेमवर क्लिक करून मग बटण दाबणं बंद. माउसओव्हर मॅक्रो, किंवा हीलबॉट, वुहडू, क्लीक यांपैकी एक अ‍ॅडऑन. माउस पट्टीवर नेला, बटण दाबलं, झालं. टार्गेट मॉबवरच राहतं, हील झाला की वाँड लगेच पुन्हा चालू करता येते.

दोन, स्पेल क्यू विंडो (पुढचा स्पेल आधीच दाबून रांगेत लावायची मुदत) मुळात ४०० मिलिसेकंदांची असते. ती कमी करायचा सल्ला मिळतो, पण २०० पिंगला ती फार कमी केली तर दोन कास्टमध्ये फट पडते. पिंगमध्ये शंभर मिळवून ठेवा. रांगेत लागलेला पुढचा स्पेल मागे घेणं अवघड जातं, तेव्हा बटण बडवत राहू नका. कास्ट तोडायचा असेल तर पट्टीच्या टोकाची वाट न बघता जरा आधीच तोडा.

मॅनासंपला

डंजनवार थोडं.

वेलिंग कॅव्हर्न्स: ड्रुइड्स ऑफ द फँग झोपवतात आणि आपल्या माणसांना हीलही करतात. झोप जादूची आहे, प्रीस्टला अठराव्याला मिळणाऱ्या डिस्पेल मॅजिकने उठवता येतं. हीलरच झोपला तर सगळं संपतं, म्हणून त्यांचा कास्ट तोडायला आधीच कुणाला तरी नेमा.

डेडमाइन्स: मिस्टर स्माइट ६६ आणि ३३ टक्क्यांवर सगळ्यांना सुन्न करतो आणि हत्यार बदलायला पेटीकडे जातो. त्या वेळेत मार बसत नाही, मॅना भरतो. परत येईल तेव्हा मोठ्या हीलची तयारी हवी.

स्कार्लेट मॉनेस्ट्री, कॅथेड्रल: मोग्रेन पडला की व्हाइटमेन येते, पुढे सगळ्यांना झोपवते आणि त्याला उठवते. झोपेत तुम्ही काही खर्च करत नाही, तोही मॅना फुकटचा. मोग्रेनला पाडताना तळ गाठू नका, कारण खरी लढाई त्यानंतर आहे.

झुल'फराक: जिन्यावरच्या लाटा. कैद्यांना सोडवण्याआधी सगळ्यांनी मॅना भरून घ्यावा, आणि दोन लाटांमध्ये लढाई सुटली की लगेच खाली बसून प्या, पाच सेकंद मिळाली तरी.

टोटेमवाली

पाण्याचंही लिहा की कुणीतरी. पंधराव्याला मेलन ज्यूस (८३५ मॅना, २४ सेकंद), पंचविसाव्याला स्वीट नेक्टर (१३४४), पस्तिसाव्याला मूनबेरी (१९९२), पंचेचाळिसाव्याला मॉर्निंग ग्लोरी ड्यू (२९३४). एका डंजनला वीस-वीसचे दोन गठ्ठे पुरतात. ग्रुपमध्ये पाणी बनवणारा मेज असेल तर दारातच मागा. आत शिरल्यावर मागितलं की तो स्वतःचा मॅना त्यात घालवतो आणि सगळे थांबून राहतात. लढाई संपली की आधी बसा, मृतदेह नंतर लुटा. टँकने न विचारता पुल केलाच तर चॅटमध्ये लिहीत बसू नका, जेवढा मॅना आहे तेवढा आधी टँकवर, मग स्वतःवर, बाकीचे शेवटी.

हातोडी

एक राहिलं. वाइप (सगळा ग्रुप मरणं) नक्की दिसत असेल आणि ग्रुपमध्ये प्रीस्ट असेल, तर पॅलाडिनने त्याच्यावर डिव्हाइन इंटरव्हेन्शन टाकून मरावं. तिसाव्याला मिळतं, सिंबल ऑफ डिव्हिनिटी लागतं. प्रीस्ट लढाईबाहेर पडतो, मॉब परत गेले की सगळ्यांना उठवतो. वॉरलॉक असेल तर सोलस्टोन (मेल्यावर जागीच उठू देणारा दगड) हीलरवरच लावा, तो ३० मिनिटं टिकतो. बॉसच्या आधी उरलेला वेळ बघून घ्या.