निर्वासितांची सेवा करायला पोरगी जर्मनीला पाठवली का?

मांजराकाठ:
भावाची पोरगी, आमची पुतणी, लातूरला शिकून आता एमएस करायला जर्मनीला गेलीय. ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे दर महिन्याला ठरावीकच पैसे सुटतेत अशा खात्यात, ११,९०४ युरो भरले तेव्हा व्हिसा झाला, त्यात बँकेचं कर्ज अन् दोन एकर गहाण. परवा व्हिडिओ कॉलवर सहज कळालं की ही बाई दर शनिवारी एका संस्थेत नव्यानं आलेल्या निर्वासितांना मदत करायली, सिरियाचे, अफगाणिस्तानचे, युक्रेनचे, कुठकुठले. पैसा एक मिळत नाही. भाऊ खूश आहे म्हणून मी गप्प बसलो पण मला पटलेलं नाही. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. आपल्या बीडमधून दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की लाखो माणसं कोयता घेऊन लेकराबाळांसकट कारखान्यावर जातेत, पाचटाच्या कोपीत राहतेत, लेकरांची शाळा बुडते. ते निर्वासित नाहीत का? लातुरात असताना त्यांच्यासाठी एक शनिवार निघाला नाही, तिकडं जाऊन माणुसकी सुचली. तुमचं काय म्हणणं? मत सांगा, शिव्या नकोत.

धारूरचा_घाट:
मी ऊसतोडीच्या घरातला आहे म्हणून बोलतो. कुणी दुसऱ्या कुणासाठी काही करायलं की आमचं नाव निघतं, "आधी ऊसतोडवाल्यांचं बघा". बघायला मात्र कुणी येत नाही. मायबापानं जोडीनं कोयता चालवला, मुकादमाची उचल फिटायच्या आत पुढच्या सालाची उचल डोक्यावर, गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं म्हणून मी शाळेत टिकलो नाहीतर बैलगाडीच्या मागंच असतो. तिथं संध्याकाळी गणित घ्यायला पोस्टातला एक माणूस यायचा, त्याला कुणी विचारलं नाही की बाबा तू आदिवासींकडं का नाही गेलास. काका, तुम्ही कोपीवर कधी गेलाव का, खरं सांगा.

मांजराकाठ:
नाही गेलो. पण मी जर्मनीलाबी नाही गेलो.

हिशोबी_माणूस:
भावनेचं राहू द्या, काकांचा मुद्दा बरोबरय. त्या अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरोच सुटतेत, भाडं अन् इन्शुरन्स जाऊन काय उरतं ते ज्यांची पोरं तिकडं आहेत त्यांना विचारा. स्टुडंट व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, २०२६ पासून किमान रेट तासाला १३.९० युरो. शनिवारचे सहा तास धरा, ८३ युरो गेले, महिन्याचे सव्वातीनशेच्या वर. गहाण जमीन कोण सोडवणार, सिरियावाले?

नांदेड_ते_लाइपझिग:
मी इथंच राहते आणि असल्याच एका ठिकाणी जाते म्हणून काम काय असतं ते सांगते. नवीन आलेल्या माणसाला झोपायला खाट आणि हातात थोडे पैसे सरकार देतंच, अडतं ते कागदावर. इथं सगळं पोस्टानं येतं आणि सगळं जर्मनमध्ये. आश्रयाच्या अर्जाचा निकाल पिवळ्या पाकिटात येतो, पोस्टमन पाकिटावर तारीख टाकतो, आणि अर्ज नाकारला असेल तर कोर्टात जायची मुदत त्या तारखेपासून मोजतात, साधारण दोन आठवडे, काही केसेसमध्ये एकच. लोक काय करतात, पत्र जपून ठेवतात आणि पाकीट फेकून देतात! शनिवारी आमचं अर्धं काम हेच, पाकीट कुठंय, तारीख कोणती, वकिलाकडं पाठवायचं की सल्ला केंद्राकडं. कायद्याचा सल्ला आपल्या मनानं द्यायचा नाही, जाणकाराच्या देखरेखीखालीच. लहान लेकरांसोबत बसायचं तर आपल्या नावावर गुन्हा नाही असा वाढीव सरकारी दाखला आणावा लागतो, स्वयंसेवकाला तो फुकट मिळतो. युक्रेनवाल्यांचं वेगळं, ४ मार्च २०२२ च्या युरोपीय निर्णयानं त्यांना थेट संरक्षण मिळालं, लगेच नोकरी करता येते, अफगाण पोराला मात्र सुरुवातीचे तीन महिने तरी कामच करता येत नाही, बसून राहतात बिचारे. हिशोबी भाऊ, गणित बरोबर आहे तुमचं, पण पुतणी पार्टटाइम करत नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं?

किल्लारी_९३:
मी तेव्हा नववीत होतो, ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंपात आमचं गाव गेलं. ढिगाऱ्यातून माणसं काढणारे जवान अन् कॉलेजची पोरं अजून डोळ्यासमोर आहेत, त्यांना नावं ठेवणार नाही. पण मागनं ट्रकनं जुने कपडे आले ते रस्त्याकडंला ढीग पडले, त्यात कोट, पार्टीतले फ्रॉक, आमच्या नऊवारीतल्या बाया काय घालणार त्यातलं. अन् विचारपूस करणारे तर विचारू नका, दर आठवड्याला नवीन माणूस, पहिल्यापासून सांग, घरातले किती गेले. शनिवारी यायचं, माया लावायची अन् थिसिस आली की गायब, याचं मला कौतुक नाही. करायचं तर टिकून करा नाहीतर पैसे द्या अन् बाजूला व्हा.

नांदेड_ते_लाइपझिग:
हे मान्य. आमच्याकडं "तिकडं काय झालं तुझ्यासोबत" असं आपणहून विचारायचंच नाही हा पहिला नियमय.

तेरणा:
धाराशिवकडं जुन्या माणसांना विचारा. रझाकारांच्या धाकानं ४७-४८ ला लोक निजामाची हद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडं पळाले, माझी पणजी दागिने ओच्यात बांधून रातोरात निघाली होती. तिथल्यांनी "आधी आमचं बघू" म्हटलं असतं मग?

हिशोबी_माणूस:
ती आपलीच माणसं होती, आपल्याच देशात. काहीबी कशालाबी जोडू नका.

औसेकर:
आपला देश कुठं, तेव्हा इकडं निजामाचं सरकार अन् तिकडं भारताचं. अन् ४८ ला भारताची फौज आली त्या पोलीस ॲक्शननंतर आमची मुसलमानांची घरं उठली तीबी मोजा, सरकारनं पाहणीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद अन् नांदेड लिहिलंय. आजोबा हैदराबादला पळाले होते, वाटंत ज्यांनी भाकरी दिली त्यांचं गाव-नाव अजून घरात सांगतेत.

मांजराकाठ:
गाडी १७ सप्टेंबरच्या मुक्तिदिनावर जाणार हे ठाऊकच होतं. पाकिटाचं मला माहीत नव्हतं, मला वाटलं कपडे वाटायली. तरी गहाण जमिनीचं उत्तर कुणीच दिलं नाही. परीक्षेच्या महिन्यात शनिवार बंद, एवढं मी तिला सांगणारच.

धारूरचा_घाट:
सांगा की. अन् दिवाळी झाल्यावर आमच्या वसतिगृहावर या, गणिताला माणूस पाहिजेच आहे.

मांजराकाठ:
गणितात मी दोनदा नापास.

धारूरचा_घाट:
मग हजेरी घ्या.