‘पासपोर्ट खिशात टाका आणि मालदीवला निघा’ : हे सल्ले आता पुरे करा

खडूस_काका :
काल एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "भारतीयांना मालदीवला व्हिसाच लागत नाही. पासपोर्ट खिशात टाका, तिकीट काढा आणि निघा. कागदपत्रांची कटकट शून्य." त्याखाली बदामांचा पाऊस. डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, फुकट आहे म्हणजे बिनशर्त नाही. एप्रिल २०२५ पासून इस्रायली पासपोर्टला बंदी आहे. तो सोडला तर बाकी सगळ्या पर्यटकांना मालदीव विमानतळावर उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसाचा शिक्का फुकट देतं. भारतीयांना दोन देशांतल्या करारामुळे ९० दिवस. इथवर छान. पण शिक्का मारायचा की नाही ते काउंटरवरचा अधिकारी ठरवतो. परतीचं तिकीट, राहण्याचं पक्कं बुकिंग, खर्चापुरते पैसे, यातलं काहीही तो मागू शकतो. शिवाय इमुगावर, म्हणजे मालदीव इमिग्रेशनच्या साइटवर, घोषणापत्र भरायचं असतं, प्रवासाआधीच्या ९६ तासांत. पोचताना एक आणि निघताना दुसरं.

मालेच्या वेलाना विमानतळावर माझ्या पुढेच एक नवं जोडपं होतं. "हॉटेल माफुशी बेटावर पोचल्यावर बघू" म्हणाले. दोघांना बाजूला बसवलं. बायको रडवेली, नवरा फोनवर मिळेल ते गेस्टहाऊस बुक करतोय, आणि विमानतळाचं वायफाय त्याची परीक्षा बघतंय. बदामवाल्यांपैकी कोणी सोडवायला आलं नाही.

रानवारा :
काका, परतीचं तिकीट आणि हॉटेल तर थायलंडलाही विचारतात. त्यात एवढं काय? मला कोणी काही विचारलं नाही. अधिकाऱ्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. उगाच लोकांना घाबरवू नका. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तीन वर्षांचे टॅक्स रिटर्न आणि कंपनीचं पत्र देऊनही नकार खाल्लेली माणसं आम्ही. आम्हाला मालदीव म्हणजे कटकट शून्यच.

खडूस_काका :
तुम्हाला विचारलं नाही हे तुमचं नशीब. नशिबाला नियम म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका.

सागरिका :
इमुगा फुकट आहे हे ठळक लिहा कोणीतरी! गूगलवर शोधलं की वर जाहिरातीत हुबेहूब सरकारी वाटणाऱ्या साइट येतात. आमच्या बाबांनी अशाच एकीवर कार्ड वापरून पैसे भरले. वर आम्हालाच म्हणाले, "पावती आलीय, म्हणजे खरंच असणार."

दुसरं, पासपोर्टची मुदत. मालदीव एक महिना पुरे म्हणतं. पण इथे चेक-इनला एअरलाइनची मुलगी सहा महिन्यांवर अडून बसली. मालदीव इमिग्रेशनचं पान उघडून तिच्या नाकासमोर धरलं तेव्हा कुठे ती वरिष्ठांना विचारायला गेली. त्यामुळे नियम काहीही असो, नवा पासपोर्ट काढूनच जा.

साडेसाती :
व्हिसा फुकट, पण बाकी? रिसॉर्टला ग्रीन टॅक्स माणशी, रोज १२ डॉलर. स्थानिक बेटावरच्या (जिथे तिथली माणसं राहतात) लहान गेस्टहाऊसला ६. दोन्ही जानेवारी २०२५ ला दुप्पट केले. हॉटेलच्या बिलावर १७ टक्के पर्यटन जीएसटी, वर सर्व्हिस चार्ज. परतताना इकॉनॉमीला ५० डॉलर निर्गमन कर, तो आधी ३० होता. विमानतळ विकास फी वेगळी. हे दोन्ही तिकिटातच घुसवतात म्हणून कळत नाही इतकंच. चौघांच्या कुटुंबाचा हिशेब करा आणि मग "फ्री" म्हणा. यापेक्षा सरळ व्हिसाची फी घेतली असती तर परवडलं असतं.

नाखवा :
मुळात जायचंच कशाला? जानेवारी २०२४ मध्ये त्यांचे उपमंत्री आपल्या पंतप्रधानांबद्दल काय वाईटसाईट बोलले ते विसरलात? १९८८ मध्ये बंड झालं तेव्हा आपलं सैन्य धावून गेलं. २०१४ मध्ये मालेतला पाण्याचा प्रकल्प जळाला तेव्हा पिण्याचं पाणीसुद्धा आपण पाठवलं. आणि आपली माणसं तिथे शिक्क्यासाठी रांगा लावतायत. लक्षद्वीपला जा! तेच पाणी, तीच वाळू, आणि देश आपला. व्हिसाचा प्रश्नच नाही.

तिखटमीठ :
नाखवाभाऊ, आपण स्वतः गेलाय का लक्षद्वीपला? व्हिसा नाही, पण परवाना आहे! १९६७ च्या नियमांप्रमाणे आपल्याच देशाच्या नागरिकाला तिथे पाय ठेवायला प्रवेश-परवाना लागतो.

आम्ही हट्टाने पॅकेज न घेता जायचं ठरवलं. आधी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. स्टेशनवर हवालदार विचारतो, "मॅडम, नोकरीसाठी का?" म्हटलं, फिरायला. त्याला पटेचना! मग तिथल्या कोणाची तरी हमी शोधा. मग कोचीहून जहाज, नाहीतर अगत्ती बेटाचं छोटं विमान, आणि त्याची तिकिटं आपल्या सुट्टीत कधीच नसतात. शेवटी सगळं सोडलं आणि मालदीवला गेलो. परदेशात जाणं स्वदेशात जाण्यापेक्षा सोपं निघालं. याची लाज मला वाटायला हवी की तुम्हाला?

नाखवा :
लाज कसली? परवाना आहे म्हणूनच ती बेटं शिल्लक आहेत. सगळी मिळून ३२ चौरस किलोमीटर जमीन, माणसं राहतात ती बेटं दहा, आणि जवळजवळ सगळी वस्ती अनुसूचित जमातींची. गोड्या पाण्याचे वांधे, कवरत्ती बेटावर समुद्राचं पाणी गोडं करून प्यायची वेळ. तिथे तुमचे शनिवार-रविवारवाले सोडायचे? मी मालवणजवळच्या देवबागचा आहे. पर्यटन सुरू झाल्यावर किनाऱ्याचं काय होतं ते मला शिकवू नका. जेट-स्कीवाल्यांनी आमच्या जाळ्यांची वाट लावली.

तिखटमीठ :
म्हणजे वर "लक्षद्वीपला जा" म्हणणारे तुम्हीच, आणि खाली "येऊ नका" म्हणणारेही तुम्हीच! एक काय ते ठरवा.

नाखवा :
माझं म्हणणं, जायचं तर परवाना काढून, पॅकेजमधून, शिस्तीत जा. हमी-बिमी सगळं पॅकेजवाले बघतात. तुम्हाला हट्ट करायला कोणी सांगितलं होतं? यांना बिकिनी आणि बिअर हवी, आणि नाव मात्र परवान्याचं.

तिखटमीठ :
तोंड सांभाळून. आम्ही दोघी बहिणी आणि सत्तरीची आई होतो. आणि माहितीसाठी, मालदीवच्या स्थानिक बेटांवरही दारू मिळत नाही. ड्यूटी-फ्रीची बाटली कस्टमवाले विमानतळावरच ठेवून घेतात आणि परतताना देतात. उलट तुमच्या लक्षद्वीपात बंगारम बेटावर दारू चालते.

साडेसाती :
बाटली तरी परत मिळते. व्हेप (ई-सिगारेट) नेऊ नका, ते आणायलाच बंदी आहे. आणि १ जानेवारी २००७ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सिगारेटही बंद, पर्यटक असला तरी. भाच्याला हे सांगितल्यावर त्याने ट्रिपच रद्द केली. वहिनी मालदीव सरकारला दुवा देतायत.

रानवारा :
नाखवा, बहिष्काराचं पुराण बंद करा आता. त्या उपमंत्र्यांना तेव्हाच निलंबित केलं होतं. आणि जुलै २०२५ मध्ये त्यांच्या स्वातंत्र्यदिनाला आपले पंतप्रधानच पाहुणे म्हणून मालेत होते. त्यांनी जायचं आणि आम्ही घरी बसायचं?

नाखवा :
ते राजकारण झालं. तुम्ही सेल्फी काढायला जाता. पण जा, माझं काय जातंय! फक्त परत आल्यावर "आपल्याकडे असं काहीच नाही हो" म्हणू नका.

खडूस_काका :
धागा मालदीवच्या व्हिसाचा होता, याची नम्र आठवण. तिखटमीठताई, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण वेगळा धागा काढा. रानवारा, तुमची बहीण पुढच्या महिन्यात जातेय म्हणालात ना? तिलाही "मला कोणी विचारलं नाही" हेच सांगून पाठवणार का?

रानवारा :
तिचं बुकिंग झालंय, प्रिंटही काढलीय. इमुगाही भरणार आहे. तुमच्या धाग्यामुळे नाही हां काका, एअरलाइनचा मेल आला म्हणून.

खडूस_काका :
एअरलाइनचे आभार. निघतानाचाही भरायचा असतो, तेवढं त्या मेलात आहे का बघा.