मदत हवी आहे: पोताची ज्योत पांढरीफटक येते, माणूस ओळखू येत नाही

रामराम मंडळी. मी तुळजापूर तालुक्यातला. घटस्थापना तोंडावर आली आहे, म्हणून आधीच विचारून ठेवतो.

नवरात्रात आमच्या गल्लीत रात्री आराध्यांचा मेळा बसतो. संबळ, तुणतुणं, मधूनच "आई राजा उदो उदो", आणि रंग चढला की देवीचा उपासक भुत्या पोत घेऊन उठतो. गळ्यात कवड्यांच्या माळा, हातात पोत, म्हणजे चिंध्यांचा पेटता पीळ, त्याला अधूनमधून तेल पाजायचं. पोत गरकन फिरवला की ज्योतीचं अख्खं कडं दिसतं. तेच कडं फोटोत पाहिजे. (देवळात कॅमेरा काढायचा नाहीये, गल्लीतलंच म्हणतोय.)

कॅमेरा कॅनन 1500डी, किट लेन्स 18-55. टीव्ही मोडवर (शटर किती वेळ उघडं ते आपण ठरवायचं, बाकी कॅमेरा) शटर अर्धा सेकंद, आयएसओ (कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो तो आकडा) ऑटो. फोटोची माहिती बघितली तर एफ/3.5 (लेन्सचं तोंड, आकडा लहान तेवढं जास्त उघडं) आणि आयएसओ 1600 दिसतं. रेघ येते, पण ट्यूबलाइटसारखी पांढरी, ज्योतीचा केशरी रंग कुठंच नाही. भुत्याचा चेहरा तर धुरासारखा पसरतो. शटर 1/15 केलं, तर रेघ बोटभर उरली आणि पांढरी ती पांढरीच. करावं काय?

गोदाकाठ: दादा, शटरच्या मागं लागू नका. फिरत्या ज्योतीचा उजेड सेन्सरच्या एका जागी क्षणभरच पडतो, ज्योत लगेच पुढं सरकते. त्यामुळं शटर वाढवलं की रेघ लांब होते, उजळ होत नाही. रेघ किती उजळ हे ठरतं अ‍ॅपर्चर (म्हणजे तो एफचा आकडा) आणि आयएसओवर. तुम्ही शटर कमी केलं तेव्हा ऑटोनं आयएसओ आणखी वर नेला असणार, मग रंग कुठून येणार?

मॅन्युअल मोड घ्या. एफ/8, आयएसओ 400. आत्ताच्या मानानं ज्योतीचा उजेड विसावा हिस्सा होईल आणि केशरी रंग परत येईल. शटर किती ठेवायचं ते पोताला विचारा: मोबाईलवर व्हिडिओ काढून एका फेऱ्याला किती वेळ लागतो ते बघा. फेरा सेकंदाचा असेल तर एका सेकंदाला पूर्ण कडं, अर्ध्याला अर्धं.

चेहऱ्याला फ्लॅश लागणारच. त्याचा लखलखाट इतका अल्प असतो की माणूस गोठून येतो, शटर कितीही लांब असो. मेनूत फ्लॅश कंट्रोलमध्ये शटर सिंक 'सेकंड कर्टन' करा. म्हणजे फ्लॅश शेवटी उडतो आणि रेघ माणसाच्या मागं राहते. नाहीतर रेघ त्याच्या पुढं धावताना दिसते, उलटंच वाटतं. एक लक्षात ठेवा, यात फ्लॅश दोनदा चमकतो. पहिला नुसता अंदाज घेणारा, त्यावर कॅमेरा हलवू नका. अंगचा फ्लॅश या सेटिंगला दोन मीटरच्या आसपासच पुरतो.

आणि गल्लीचा दिवा भुत्याच्या तोंडावर नको, पाठीमागं असावा. तोंडावर असला की फ्लॅशच्या आधीच चेहरा पुसट उमटतो.

बालाघाटी: वरचं सगळं बरोबर, पण फ्लॅशचं आधी त्या भुत्याला विचारा. हातात पेटता पोत, अंगात देवीचं वारं, समोर दाटी, आणि दोन मीटरवरून डोळ्यांत लखकन उजेड! फोटो चुलीत गेला, माणूस भाजायला नको. एका बाजूला उभे राहा, तेल पाजताना तर अजिबात चमकवू नका. ट्रायपॉड गर्दीत कोणीतरी पाडणारच, त्यापेक्षा ओट्यावर कॅमेरा टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावा.

धागाकर्ता: ओट्याचं पटलं, पण टायमर लावला तर पोताचा नेमका क्षण कसा साधणार?

बालाघाटी: बरोबर आहे तुमचं. टायमर राहू द्या, वायरचा रिमोट घ्या.

गोदाकाठ: फ्लॅशचा उजेड पोतापुढं निळसर वाटेल. त्यावर केशरी जिलेटीनचा तुकडा चिकटवा. गॅदरिंगच्या लाइटवाल्याकडे मागितला तर मिळून जाईल. आणि तोवर घरच्या अंगणात पोराच्या हाती मोबाईलची टॉर्च देऊन गोल फिरवायला लावा, शटरचा अंदाज तिथंच येईल. टॉर्चचा रंग मात्र धरू नका, तो पांढराच येणार.

धागाकर्ता: आज रात्रीच पोरं गोळा करतो. भुत्याबाबा ओळखीचे आहेत, फ्लॅशचं त्यांना उद्या विचारतो. नाही म्हणाले तर फ्लॅश न लावता, चेहरा काळा ठेवून नुसतं कडं घेतलं तर बरं दिसेल का?

गोदाकाठ: उलट ते जास्त भारी दिसेल. मागच्या दिव्यापुढं त्यांची काळी आकृती येऊ द्या, कवड्यांच्या माळांची कड तेवढी चमकेल.